भेगेपर्यंत पाणी

धान निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या, की गोंडपिपरीच्या हवेला कच्च्या दुधाचा वास येतो. बाहेरगावच्या माणसाला तो कळत नाही. त्याला ट्रकचा धूर तेवढा कळतो. मला दुकानाचं शटर उचलतानाच कळतो. दसरा होऊन गेलेला असतो, दुपारचं ऊन चावतं, पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागतं, आणि बाजारात ओल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. लोकांना या दिवसांत बरं वाटतं, वर्षाचा भात डोळ्यांपुढं उभा असतो. मला लटारूभाऊ आठवतात आणि कोणाशी धड बोलवत नाही. तशी मी एरवीही फार गोड बोलते अशातला भाग नाही. घड्याळवाल्या बाईचं तोंड फाटकं आहे, हे बाजारात कोणीही सांगेल.

यंदा पाऊस हस्तातच दडी मारून बसला. बांध्यांमध्ये भेगा पडायला लागल्या, म्हणजे अगदी बारीक, केसासारख्या. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचा बांधलेला तुकडा. परवा एका गिऱ्हाइकाच्या गाडीवरून जाताना मी त्या भेगा पाहिल्या.

माझं काम सांगितलं तर लोक हसतात. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन खिशातली घड्याळं माझ्याकडे येतात, आणि मी त्यांच्या डायली जुळवते. एवढंच. आमच्या जंगलात अमेरिका कुठून आली, असं विचारतात. रेल्वेच्या गार्डांकडे ही घड्याळं होती, जंगलखात्याच्या साहेबांकडे होती, लाकडाच्या डेपोवर होती, मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जुन्या जमीनदारांच्या, कोटात होती. साहेब गेले, घड्याळं राहिली. पुढे कोणाची डायल फुटली, कोणाचं मशीन गंजलं, दुरुस्तीवाल्यांनी याचं त्याला लावलं. आता हौशी लोकांना सगळं मूळचं पाहिजे. मग हैदराबादहून, पुण्याहून पार्सलं येतात.

डायल म्हणजे तांब्याचा गोल पत्रा, त्यावर पांढरा काचेचा लेप भाजलेला. मागच्या बाजूला तांब्याचे बारके पाय असतात. ते मशीनच्या भोकांत बसतात आणि बाजूचे स्क्रू त्यांना धरून ठेवतात. एका कंपनीच्या एका मापाच्या घड्याळाची डायल तशाच दुसऱ्या घड्याळावर आरामात बसते. पण कारखान्यात ज्यानं कोणी ती पहिल्यांदा बसवली, त्यानं डायलीच्या पाठीवर सुईनं मशीनच्या नंबरचे शेवटचे आकडे ओरखडलेले असतात. ते आकडे आणि मशीनवरचे आकडे एक निघाले, की ते दोघं एकमेकांचे. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. हे मला बाबांनी सांगितलं होतं. ‘मालकाले इचारल्याबिगर डायलले हात लावू नको,’ हेही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

बाबा ज्या उन्हाळ्यात गेले, त्यानंतरच्या धानाच्या दिवसांतली ही गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते, दुकानात एकटी बसायला लागले होते, आणि बाईच्या हातची दुरुस्ती टिकते की नाही हे लोक लांबून पाहून राहिले होते. मोबाइल अजून गावात शिरले नव्हते. बाबांची गिऱ्हाइकं हळूहळू चंद्रपूरला जायला लागली होती. लटारूभाऊ मात्र दर बाजाराच्या दिवशी यायचे.

तासाभराच्या वाटेवर, जंगलाला लागून, त्यांचं गाव. गावाला जुना मालगुजारी तलाव. लटारूभाऊंचं घर त्या तलावात मासे धरणारं. त्यांच्याकडे खिशातलं अमेरिकन घड्याळ होतं, वडिलांकडून आलेलं, आणि वडिलांना ते मालगुजारानं दिलेलं. भाऊ ते जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळून आणायचे. त्या घड्याळाची वेळ लावायची तर पुढचं काचेचं कडं काढून आतली दांडी ओढावी लागते. ते काम बाबा करायचे, मग मी. जाळ्याला माशांचा वास, घड्याळाला माशांचा वास.

“भाऊ, घड्याळ आनलं का झिंगे आनले?” मी विचारायची.

“दोनी आनले बाई,” असं म्हणत ते पानात बांधलेला झिंग्यांचा पुडा काउंटरवर ठेवायचे. “एकाची वेळ लावा, एकाले फोडनी द्या.”

दुसऱ्या कोणी काउंटरवर झिंगे ठेवले असते तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

घड्याळ मालगुजारानं का दिलं, ते मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. पाऊस दडी मारतो तेव्हा तलावाची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून खालच्या धानाला पाणी देतात. पाणी थोडं, बांध्या फार. म्हणून पाळ्या लावायच्या: आधी वरच्या बांध्या, मग मधल्या, मग खालच्या. मोरीची चावी कोणाच्या हातात द्यायची, याचा तिथला रिवाज पक्का होता. तलावाखाली ज्याची स्वतःची एकही बांधी नाही, त्याच्याच हातात. म्हणून मासे धरणाऱ्याच्या घरी चावी, आणि चावीसोबत घड्याळ. लटारूभाऊ पाळीच्या दिवसांत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सकाळी घड्याळ मांडीवर घेऊन बसत. दिवस कलला की उठत, कारण त्या बाजूला वाघाचं येणंजाणं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कोणाला एक ओंजळ जास्त गेली, असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? एक डोंगा, चार जाळी आणि हे नाव.

त्या वर्षी पाणी सोडायच्या आठवड्यात ते घड्याळ साफ करायला ठेवून गेले. मी मशीन उघडलं, धुतलं, तेल दिलं. आणि डायलीकडे पाहिलं. काय तिची दशा होती. सातच्या आकड्याजवळ टवका उडालेला. मधून तीन भेगा निघालेल्या, एक दहाच्या जरा अलीकडे, एक बाराच्या जरा पुढे, एक चारवर. भेगांत वर्षांचा मळ बसून त्या काळ्या झालेल्या. माझ्याकडे बाबांच्या डब्यात तशाच एका घड्याळाची डायल पडून होती. मशीन गंजून गेलेलं, पण डायल दुधासारखी पांढरी, एक ओरखडा नाही. मी ती लावून पाहिली. पाय बरोबर बसले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाबांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला मी काहीतरी देऊन राहिले होते, आणि बाबांच्या पोरीला काम येतं हे तलावाच्या गावभर दिसणार होतं. विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. चांगलं करताना कोण विचारतं?

बाजाराच्या दिवशी लटारूभाऊ आले. मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलं, उजेडाकडे धरलं, परत पाहिलं.

“बाई, याच्यावरच्या रेघा कुठी गेल्या?”

मी हसले. “रेघा नाई भाऊ, भेगा होत्या त्या. काढून टाकली ते डायल. नवीकोरी लावून देली. पैसे नको, बाबाच्या नावानं समजा.”

त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, गहिवरले.

“बेस हाये,” म्हणाले. “बेस केलं बाई.” आणि घड्याळ जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळून निघाले. त्या दिवशी झिंग्यांचा पुडा त्यांनी ठेवला होता. मी रात्री तो रस्सा चवीनं खाल्ला, हे मला अजून आठवतं आणि अजून माझी मला किळस येते.

त्यानंतर ते कधी दुकानात आले नाहीत. त्याच महिन्यात नागपूरचे एक संग्रह करणारे गृहस्थ आले आणि जुन्या डायलींचा अख्खा डबा घेऊन गेले. भेगाळलेली डायल त्यातच होती. मला वाटलं, चला, अडगळ गेली.

वर्षानं गिरमाजीभाऊ दुकानात आले. त्याच गावचे, खालच्या बांध्यांचे मालक, मनगटी घड्याळाला पट्टा बसवायला आलेले. मी सहज विचारलं, लटारूभाऊ काऊन दिसत नाहीत.

“लटारूनं चावी ठेवून देली,” ते म्हणाले. “मागल्या साली आमच्या खालच्या बांध्यायपर्यंत पानीच नाई आलं. वरच्यायचं भरून वाहून राह्यलं अन् आमचा धान निसवायच्या आधी पोटातच वाळला. त्यानं वरच्यायले झुकतं देलं. मी चार लोकायसमोर म्हटलं त्याले, लटारू, तू वरच्यायचा झाला. त्यानं तशीच चावी काढून ठेवली खाली.”

“पण भाऊ, घड्याळ होतं ना त्यायच्याजवळ. किती वाजेपर्यंत तुमची पाळी?”

“वाजेपर्यंत?” गिरमाजीभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या मुलखातली. “वाजल्याचं कोनाले ठाव? वरच्यायचं टवक्यापासून पयल्या भेगेपर्यंत, मधल्यायचं दुसऱ्या भेगेपर्यंत, आमचं तिसऱ्या भेगेपर्यंत. त्याच्या बापाच्या वक्तापासून तसंच हाये.”

माझ्या हातातला पट्टा खाली पडला. मी तो उचलला, बसवून दिला, पैसे घेतले. ते गेल्यावर मी आत जाऊन न्हाणीत बसले आणि नळ सोडून रडले.

लटारूभाऊंना आकडे वाचता येत नव्हते. एवढ्या वर्षांत ते माझ्या कधी लक्षात आलं नाही, कारण ते घड्याळाकडे पाहायचे आणि त्यांना जे पाहिजे ते कळायचं. लहान काटा टवक्यावर आला की मोरी उघडायची, भेगेवर आला की पाट बदलायचा. त्या वाटण्या सारख्या नव्हत्या. खालच्यांचा वाटा मोठा होता, कारण पाण्याला तिथवर जायला वेळ लागतो. वडिलांनी किती पाळ्या पाहून ते बसवलं असेल कोण जाणे. सगळ्या गावाचा करार त्या डायलीवर लिहिलेला होता, आणि मी तो पुसून वर पैसे नको म्हणाले होते.

मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात जाळं शिवत होते. मी सगळं बोलले. डायलीवर शाईनं रेघा काढून देते म्हटलं, भेगा कुठे होत्या ते मला जवळपास आठवतं म्हटलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं.

“तुमचा काय कसूर बाई. डोये गेले माह्ये,” ते म्हणाले. “अन् आता चावी दुसऱ्याच्या हाती हाये. रेघा काहाडून काय करू?”

त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. पुढ्यातल्या जाळ्याचे बारीक फासे ते न चाचपता ओवत होते. मी ते पाहिलं, आणि तरी गप्प बसले. गिरमाजीभाऊंचं घर चार घरं पलीकडे होतं. तिथं जाऊन ‘चूक माझी आहे, लटारूभाऊंनी कोणाला झुकतं दिलं नाही’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. दुकान नुकतंच धरून राहिलं होतं. बाईनं घड्याळ बिघडवलं, धान वाळवला, असं झालं असतं. मी गाडीची वाट पाहत फाट्यावर उभी राहिले आणि गोंडपिपरीला परत आले. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच लोकांना तोंडावर बरंच काही सुनावलं आहे, पण जिथं तोंड उघडायचं होतं तिथं उघडलं नाही.

नागपूरच्या गृहस्थांना फोन केला. डबा कधीच फुटला होता, डायली कुठे कुठे गेल्या होत्या. बाबांच्या वहीत लटारूभाऊंच्या मशीनचा नंबर होता. शेवटचे तीन आकडे सात, चार, एक. तेव्हापासून हातात येणारी प्रत्येक डायल मी आधी उलटी करून पाहते. लोक म्हणतात, बाईंना काय सवय लागली आहे, काय नजर आहे. ही नजर मला कशी आली ते त्यांना काय सांगू? लटारूभाऊ सात-आठ वर्षांनी गेले. मला बाजारात कळलं, तेही महिनाभर उशिरा. शिंगाड्यांचे दिवस होते.

यंदा भाद्रपदात हैदराबादहून एक पार्सल आलं. घड्याळासोबत चिठ्ठी होती, डायलीला भेगा आहेत, चांगली डायल शोधून बदलून द्या. मी डबी उघडली. सातजवळ टवका. हातातलं काम बाजूला सारून मी आधी डायल काढली. पाठीवर सुईनं ओरखडलेलं होतं, सात, चार, एक. मी त्या माणसाच्या घड्याळाला त्याच्या मापाची स्वच्छ डायल शोधून दिली, आणि भेगांची मी ठेवून घेऊ का, असं विचारलं. तो खूश. फुटकी देऊन चांगली मिळाली की कोण खूश होत नाही?

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी त्या गावाला गेले. फाट्यापासून चालत. दोन्ही बाजूंना धान निसवत होता, तोच वास, आणि मोटारींची घरघर. आता तिथं बोअर झाले आहेत, ज्याचा त्याचा पंप. तलावात बेशरमाची झुडपं माजली आहेत, मोरी बुजली आहे, चावी कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. लटारूभाऊंच्या बायको, जनाबाई, अंगणात शिंगाडे सोलत बसल्या होत्या. वाकल्या आहेत, पण हात चालतात. मी माझी ओळख दिली. त्यांनी ओळखलं होतं.

“घड्याळवाल्या बाई तुमी. बसा. पानी प्या.”

मी म्हटलं, आधी गिरमाजीभाऊंना बोलवा. नातवानं धरून त्यांना आणलं. थकले आहेत. खाटेवर बसले. मग मी पंचवीस वर्षं न बोललेलं ते वाक्य त्या दोघांसमोर बोलले, आणि डायल काढून दाखवली. गिरमाजीभाऊंनी ती हातात घेतली, भेगांवरून नख फिरवलं.

“त्यानं काऊन नाई सांगतलं?” ते म्हणाले. “एक बार सांगतलं असतं.”

“कोनाले सांगते?” जनाबाई शिंगाडा सोलता सोलता म्हणाल्या. “बाईनं बापाच्या नावानं करून देलं. तिचं नाव काहाडलं तर पोरीचं दुकान बसन, म्हने.”

मला वर पाहवेना. माझं दुकान मी वाचवलं असं मला वाटत होतं. ते त्यांनी वाचवलं होतं.

जनाबाईंनी आतून घड्याळ आणलं. तोच जाळ्याचा तुकडा. मी ते उजेडात धरलं, तर माझ्या लावलेल्या पांढऱ्या डायलीवर तीन रेघा आणि एक ठिपका दिसला. निरखून पाहिलं तर त्या डायलीवर नव्हत्या, काचेवर होत्या. काच प्लास्टिकची, बाबांनीच कधी बसवून दिलेली. तिच्यावर गळाच्या टोकानं ओढलेल्या बारीक, सरळ रेघा.

“बाजारातून आले त्याच दिवशी ओढल्या,” जनाबाई म्हणाल्या. “ध्यानात व्हत्या सगळ्या. पन घड्याळ पुढं पये, अन् अशी खरवडलेली काच घेऊन तुमच्याकडं यायची लाज वाटे. मंग शाळेची घंटा झाली का स्वताच कडं काहाडून काटा सरकवत. परत लावलं का रेघा भलतीकडंच. म्हनत, जने, रेघा फिरून राह्यल्या. मी म्हटलं, बाईकडं जा. गेले नाई.”

ते कडं दाबून बसवायचं असतं. कसंही फिरवून बसवा, बसतं. मी ते हजार वेळा काढलं आणि लावलं असेल, कारण माझ्यासाठी काच म्हणजे नुसती काच होती.

मी पिशवीतून चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर काढला. पांढरी डायल उतरवली, भेगांची बसवली. पाय भोकांत गेले, दाबावंही लागलं नाही. काटे लावले, चावी दिली, दांडी ओढून माझ्या मोबाइलची वेळ लावली. मग कडं ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. एका जागी तिन्ही रेघा तिन्ही भेगांवर आल्या. ठिपका टवक्यावर. केसाचा फरक नाही. त्यांना सगळं बरोबर आठवत होतं, डोळे शाबूत होते, हात शाबूत होता. राहून गेलं ते फक्त माझ्या दाराशी यायचं, आणि ते मीच अवघड करून ठेवलं होतं. मी कडं तिथंच दाबलं. तोंडाला पदर लावून बसले. कोणी मला उगी राहा म्हटलं नाही, ते बरं झालं.

जनाबाईंनी घड्याळ घेतलं. पदरानं पुसलं. त्यांनाही आकडे येत नाहीत. पाळीच्या दिवसांत त्या भाऊंची भाकर घेऊन बांधावर जायच्या, ते जेवत असताना घड्याळावर लक्ष ठेवायच्या. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. लहान काटा बाराच्या पुढच्या भेगेला टेकत होता.

“खालच्यायची पाळी लागली,” त्या म्हणाल्या.

गिरमाजीभाऊ आपल्या बांधीचं पाणी धरायला निघाल्यासारखे खाटेवरून उठले. आणि मग कुठे जायचं ते न कळून तिथंच उभे राहिले.